शेपूट कुणी भरलं?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात एका हॉलमध्ये स्पीकर तपासत होतो. फोन खिशात थरथरत होता आणि मला वाटलं, बेसच आहे. बेस बंद केला तरी खिसा थरथरतच राहिला, तेव्हा कुठे फोन काढला. आईचे चार कॉल येऊन गेले होते, पाचवा उचलला. "आन्या, रघूदादा गेला रं..." एवढंच ती बोलली. दुपारी जेवून खाटेवर पडला होता, मामी चहाला उठवायला गेली तर उठलाच नाही. मी "बरं" म्हणालो. खरंच, "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि पुन्हा बेस लावला. का लावला, ते आजही सांगता येणार नाही. हॉलमधला माणूस विचारत होता, "आवाज ठीक आहे ना?" आणि मला आवाज ऐकूच येत नव्हता.

त्याला आता सहा आठवडे झाले. मामावर लिहून द्या, असं या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं, आणि मी एका बैठकीत लिहूनही टाकलं होतं. माझा पहिला गुरू, माझ्या संगीताचं मूळ, वगैरे वगैरे. तो लेख मी फाडला. हा दुसरा. आणि हाही नक्की कुणावर आहे, हे मला अजून नीट कळलेलं नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

मी हिप-हॉप डीजे आहे. आमच्या बारामती-इंदापूर भागात डीजे म्हटलं की लोकांना ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आठवते, पुढे नाचणारी वरात आणि मागे पोलिसांची जीप. त्यामुळे नातेवाइकांना माझा धंदा समजावून सांगताना माझी पहिली दहा वर्षं गेली. "तुझी गाडी कुठाय?" हा ठरलेला प्रश्न. गाडी नाही, एक टेबल आहे, त्यावर दोन तबकड्या आहेत, जुन्या गाण्यातला एखादा तुकडा मी पुन्हा पुन्हा फिरवतो आणि त्यावर पोरं मराठीत रॅप करतात, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्या आईकडे बघून हळहळायचा. एक मामाच काय ते हळहळला नाही. तो म्हणाला, "म्हंजी शेपूट लावतोस की!"

हे शेपूट समजावून सांगायला हवं. रघुनाथमामाचं इंदापूर तालुक्यातल्या कळंबला दुकान होतं. घराचीच पुढची खोली. बाहेर पाटी, 'येथे कॅसेट भरून मिळेल'. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे, मामा ती वाचायचा आणि निम्म्याहून अधिक वेळा भांडायचा. "ह्या गाण्याम्होरं ते लावायचं? मयतीतनं उठून हळदीला जायचं का?" मग पेन काढून यादीचा क्रम बदलायचा. गाण्याला गाणं लागलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. गिऱ्हाईक बहुतेक उसाच्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. आमचं घर बारामतीजवळ माळेगावला, वडील साखर कारखान्यात. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि त्यातला कुठला ट्रॅक्टर मामाची कॅसेट वाजवतोय, हे मला अंथरुणातून कळायचं. कारण शेपूट.

कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. पाच-सहा गाणी बसली की शेवटी दोन-तीन मिनिटांची फीत उरते. त्यात आणखी एक अख्खं गाणं मावत नाही. बाकीचे दुकानदार ती फीत मोकळी सोडायचे, नाहीतर गाणं अर्ध्यात तोडायचे. मामाच्या कॅसेटमध्ये मात्र शेवटच्या गाण्यातला एखादा नुसत्या वाद्यांचा तुकडा, ढोलकीचा, सनईचा, कधी नुसत्या खंजिरीचा, पुन्हा पुन्हा यायचा. फीत संपेपर्यंत. जोड कुठे आहे ते कळायचं नाही. टाळी धरून बघावं तर टाळी एकदाही चुकायची नाही. याला सगळा परिसर शेपूट म्हणायचा. ड्रायव्हर यादी देताना मामाला बजावायचे, "तात्या, शेपूट झ्याक लावा." यादी घेऊन मामा आतल्या खोलीत जायचा, जिथे दोन कॅसेटी बसणारं मशीन होतं. त्या खोलीत आम्हा पोरांना बंदी. मी सुट्टीत दुकानातल्या बाकावर बसून बंद दाराकडे बघायचो आणि आत मामा काय जादू करतोय याचा विचार करायचो.

दहावी पास झालो तेव्हा मामाने मला एक कॅसेट दिली. वर चिठ्ठी, 'आनंद. दहावी पास'. अक्षर इतकं वाकडंतिकडं की पहिलीतल्या पोराने काढल्यासारखं. तिच्या दुसऱ्या बाजूचं शेपूट नेहमीपेक्षा लांब, साडेतीन मिनिटांचं आहे. ढोलकीचे चार ठेके, मध्ये एक श्वासाएवढी जागा, पुन्हा चार ठेके. त्या जागेसाठी मी ती कॅसेट किती वेळा ऐकली असेन, देव जाणे. पुढे पुण्याला शिकायला गेलो. हॉस्टेलवर एका मित्राने हिप-हॉपच्या सुरुवातीची फिल्म दाखवली. अमेरिकेतल्या कुठल्याशा वस्तीतली पोरं एकच गाणं दोन तबकड्यांवर लावून त्यातला नाचायचा तुकडा लांबवत नेतात, संपूच देत नाहीत. सगळी खोली भारावून बघत होती आणि मी हसत सुटलो. "अरे, हे तर शेपूट!" त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. इंजिनिअरिंग कसंबसं पार पडलं. सेकंडहँड टेबल घेतलं, लग्नाच्या वरातींना ठाम नाही म्हटलं, त्यामुळे बराच काळ बेकार राहिलो, आणि हळूहळू नाव झालं. माझं वैशिष्ट्य काय, तर मी तुकडा सोडत नाही, आणि मध्येच एक जागा रिकामी ठेवतो. मुलाखतीत विचारायचे, हे कुठून आलं? मी सांगायचो, कळंबच्या माझ्या मामाकडून. ती वाकड्या अक्षराची कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरायचो.

तीन वर्षांपूर्वी बारामतीच्या नाट्यगृहात माझा कार्यक्रम झाला. मी मामाला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ, सगळं यथासांग. "हे माझे गुरू" म्हणालो. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मामाच्या हातात माईक दिला तर तो घाम पुसत म्हणाला, "मला ह्यातलं काय बी येत न्हाय." काय टाळ्या पडल्या! केवढा विनय, असं लोक म्हणाले. मीही म्हणालो. परतताना गाडीत मामा गप्प. इंदापूर रस्त्याला लागल्यावर एकच वाक्य बोलला, "आन्या, पुन्यांदा असलं करू नको." मला राग आला होता. एवढं कौतुक केलं आणि हा माणूस तोंड पाडून बसलाय. मागच्या सीटवर मामी होती. ती शालीची घडी घालत होती.

इथपर्यंतचं सगळं पहिल्या लेखातही होतं. संपादकांना सोबत मामाचा फोटो हवा होता, म्हणून कळंबला गेलो. मामाला मूलबाळ नाही. मालनमामी आता एकटीच असते, मागच्या वावरात थोडी भेंडी, थोडी मिरची करते. तिने पत्र्याची पेटी पुढ्यात ठेवली आणि स्वतः भेंडी निवडायला बसली. पेटीत एक फोटो सापडला. माळेगावचं आमचं अंगण, माझ्या हातात दहावीच्या पेढ्यांचा बॉक्स आणि मामा पेढा खातोय. डाव्या हाताने. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. कालव्याच्या भरावावरून त्याची मोटरसायकल घसरली होती, ते मला आठवलं. वाकड्या अक्षराचंही कोडं सुटलं, चिठ्ठी डाव्या हाताने लिहिली होती. मी त्याच खुशीत होतो, आणि मग डोक्यात काहीतरी अडकलं. शेपूट भरायला दोन हात लागतात. एक बोट थांबवायच्या बटणावर, दुसऱ्या हाताने मागे न्यायचं, आणि नेमक्या ठेक्यावर सोडायचं. मी हे काम वीस वर्षं करतोय, प्लास्टरमधल्या हाताने होत नाही.

"मामी," मी विचारलं, "मामाचा हात मोडला हुता तवा शेपटं कोण भरत हुतं?"

मामीने भेंडीचं देठ खुडलं. "त्याच्या आधी कोण भरत हुतं?" ती म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. ती वर बघत नव्हती. मी फोटो घेऊन तसाच बसलो, आणि खरं सांगतो, पहिली गोष्ट वाटली ती राग. मग कुणाचा राग, तेच कळेना. मामाचा? सगळ्या मुलाखती, ती शाल, हे माझे गुरू... आणि हा माणूस गप्प? की मामीचा? ती तर नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत होती. मग आठवलं की मामाने एकदाही, एकदासुद्धा, "मी भरलं" असं म्हटलेलं नाही. यादी तो लावायचा, भांडायचा, चिठ्ठी लिहायचा. "मला ह्यातलं काय बी येत न्हाय" हे त्याने माईकवर, भरल्या सभागृहासमोर सांगितलं होतं. गुरू गुरू मीच करत होतो. ज्याच्यासाठी सुतक पाळलं, ज्याच्यासाठी रडलो, तो माझा मामा गेला होता हे खरंच. पण ज्याच्याकडून मी शिकलो तो माणूस गेलेलाच नव्हता. तो समोर बसून भेंडी निवडत होता, आणि मी त्याला उभ्या आयुष्यात एक प्रश्न विचारला नव्हता.

"मग सांगितलं का न्हाय गं?"

"टॅक्टरवाल्यांच्या कॅसेटी बाई भरती म्हणल्यावर गावानं काय म्हणलं असतं? सासूबाई हुत्या तवा. मीच म्हणले ह्यास्नी, कुणाला सांगू नका. शबूद घेतला. न्हाय सांगितलं त्यांनी." मग थोड्या वेळाने, "फीत मोकळी सोडायची न्हाय, एवढंच हे म्हणायचे. काय भरायचं ते माझ्यावर. गाणी सगळी लोकांनी सांगितल्याली. शेवटाचं तेवढंच माझ्या मनाचं."

एका बाजूला दोन-तीन मिनिटं. तेवढंच तिच्या मनाचं. मग कॅसेटी गेल्या. मामाने पाटी बदलून 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी केली. कार्डात उरलेली फीत नसते, त्यामुळे शेपूटही नसतं. धंदा चालूच राहिला, तेव्हा कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. मी तेव्हा पुण्यात शेपटांवरच नाव कमावत होतो.

बारामतीहून आल्यावर मामा जेवला नव्हता, हेही मामीने सांगितलं. खाटेवर बसून म्हणाला, "मालन, सगळी माणसं माझ्यासाठी उठली, आन तू बी उठलीस." एवढं बोलून पलीकडे तोंड करून झोपला. हे सांगताना मामी हसली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. शब्द पाळल्याबद्दल या माणसाचे पाय धरावेत, की तिला एवढी वर्षं आतल्या खोलीत ठेवल्याबद्दल त्याच्याशी भांडावं? भांडायला तो नाही. आणि भांडून काय, शब्द तर तिनेच मागितला होता. मी तिला विचारलं, "हे लिहू का?" तिने हातातली भेंडी निवडून बाजूला टाकली. "आता कोण हाय म्हणायला? लिही. पर ह्यास्नी खोटं पाडू नको." खोटं न पाडता खरं कसं लिहायचं, ते मला येत नाही. जमलं तसं लिहिलंय. फोटो मात्र प्लास्टरचाच देतोय.

गेल्या रविवारी माझं टेबल गाडीत घालून कळंबला नेलं. आतली खोली उघडली. आता तिथे खताच्या रिकाम्या गोण्या आणि बियाण्याचे डबे आहेत, भिंतीवर मशीनच्या मागचा काळा डाग तेवढा राहिलाय. मामीसाठी खुर्ची ठेवली, ती जमिनीवरच बसली. मी नवीन केलेला तुकडा वाजवला. बाहेर लोकांना फार आवडलेला आहे. तिने पदर कानामागे घेतला, डोळे मिटले आणि बोटाने गुडघ्यावर ठेका धरला. मी तिच्या त्या बोटाकडेच बघत होतो. इतकं टक लावून मी कुठल्याच स्टेजवरून कुणाकडे बघितलेलं नाही.

तुकडा संपला. मामीने डोळे उघडले आणि दाराकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, थांबली. मी विचारलं, काय? तर म्हणाली, शेपूट भरून झालं की मामा त्या दारात उभा राहून ऐकायचा. पसंत पडलं तर "जाऊ दे" म्हणायचा, की कॅसेट बाहेर. नाही पडलं तर काहीच बोलायचा नाही, मग ती पुन्हा भरायची. "कान लई तिखट हुता त्यांचा," ती म्हणाली. "येत काय न्हवतं. पर कळायचं."

आम्ही दोघंही दाराकडे बघत बसलो. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर काहीतरी वाजत गेलं.

"काय बोलले न्हाईत," मामी म्हणाली. "परत लाव."