पैलवानाचा खुराक

पैलवान हा शब्द इराणातला, असं नातीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. तिकडं पहलव म्हणून शूर लोक होते. त्यांच्यासारखा जो, तो पहलवान. फारसीबरोबर तो इकडं उतरला आणि निजामाच्या अमलात आमच्याकडं मुरला. एवढी वाट तुडवून बिचारा आमच्या ओसरीवर टेकला, तो पन्नास वर्षं जागचा हलला नाही. म्हणजे आमचे हे.

हसू नका, निवड माझीच. नळदुर्गचा एक मास्तर सांगून आला होता. त्याला मी काडीपैलवान म्हणून नाक मुरडलं. "मला खराच पैलवान पायजे!" लग्नानंतर कळलं, ह्यांच्या आजोबांनी कधीकाळी गदा जिंकली होती, तेव्हापासून या घरातला प्रत्येक पुरुष जन्मतःच पैलवान. ह्यांची स्वतःची कमाई म्हणजे जत्रेत सुरुवातीला पोरासोरांची लावतात तसली, नारळावरची एकच कुस्ती. तीही बरोबरीत सुटली. नारळ दोघांत फोडून वाटला.

खुराक मात्र शाही. तांब्याभर म्हशीचं दूध, वर वाटलेले बदाम. धार मी काढायची, बदाम मी वाटायचे आणि आपण सासूबाईंनी दिलेला बिनसाखरेचा कोरा चहा ढोसायचा. ज्वारीची पोती आत ओढायची तीही मीच, कारण पैलवानाची पाठ धरायची. वर विहिरीवर मिरवायचं, "आमच्या ह्यांना तांब्याभर लागतं बाई!" असली येडी मी.

आता नात तालुक्याला कुस्ती शिकते. आणखी दोन किलो वजन वाढलं तरच वस्ताद जिल्ह्याच्या निवडीला तिचं नाव देणार. घरात म्हैस एकच. काल तिनं दूध मागितलं, तर ह्यांनी तांब्या पोटाशी धरला.

"पोरीच्या जातीला कशाला खुराक? घरात पैलवान एकच."

"व्हय आबा? मंग उतरा अंगणात. एकच पकड."

"पाठ धरलीय माझी."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले, "नारळ फोडू, दोघांत वाटू."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पन्नास वर्षांत त्या नारळाचं नाव मी कधी काढलं नव्हतं. मी तांब्याला हात घातला, तो अलगद सुटून आला. पकड म्हणून नाहीच.

नातीनं एका दमात तांब्या रिकामा केला. ह्यांच्यापुढं मी कोरा चहा ठेवला. साखर घातली होती. मी काही ह्यांच्या आईसारखी नाही.