वीतभर वर राहिलेला गज

“फुई, आबा झोपेतच गेले. त्यांना काही कळलंसुद्धा नाही.” भाच्याचा, संदीपचा फोन आला तेव्हा मी जळगावात गॅसवर चहा ठेवत होते. माझा थोरला भाऊ वसंत शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या मळ्यात मका राखायला गेला होता, आणि सकाळी झोपडीतल्या खाटेवर थंड सापडला. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता, पुण्यवान माणूस, त्रास नाही झाला. मीही म्हणत होते. दुसरं धरून राहायला होतं तरी काय?

भाऊ म्हणजे अजब वल्ली. चहात साखर कमी पडली तर घर डोक्यावर घेईल, पण रानडुकरांनी मका लोळवून टाकला तर म्हणेल, “त्यासले बी पोट शे.” आमच्या वडिलांच्या वेळची, परवान्याची ठासणीची बंदूक होती त्याच्याकडे. बहुतेकदा नुसता दारूचा बार काढून डुकरं हाकलायचा. गोळी भरायची वेळ आली की मात्र त्याचं सोवळं सुरू व्हायचं. आधी नळीत दारू, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि मग लोखंडी गजानं ती खाली ठासायची. किती खाली, हाच सगळा प्रश्न. फार बदडली तर दारूचा भुगा होतो, आणि गोळी मधेच अडकून खाली पोकळी राहिली तर नळीच फुटते. गावातल्या एकाची दोन बोटं अशीच गेली होती. म्हणून भाऊनं गजावर कानशीनं खूण केली होती. गोळी दारूला टेकली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. तरी त्याचं समाधान होत नसे. गज हलकेच आत सोडायचा, तो टण्ण करून उडाला पाहिजे. मी लहान असताना शेजारी उकिडवी बसलेली असायचे. “गज बोलना का?” तो विचारायचा. मी मुद्दाम “नही” म्हणायचे, आणि तो बिचारा पुन्हा गज सोडायचा. मोठी पाजी होते मी.

तेरावं झालं. परवाना ज्याच्या नावावर तोच गेला, आता बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. संदीपनं ती अंगणात आणली. “फुई, रिकामी आहे का बघ ना, तुलाच कळतं त्यातलं.” गज नळीखाली आपल्या जागी नव्हता, झोपडीत खाटेखाली पडलेला सापडला होता. मी तो नळीत सोडला. टण्ण नाही... नुसतं ठप्प. आणि खूण नळीच्या तोंडापासून वीतभर वर राहिली.

मी गज वर ओढून पुन्हा सोडला. तेच. हा माणूस जेवण अर्धं सोडील, भांडण अर्धं सोडील, पण अर्धी ठासलेली गोळी ठेवून झोपी जाईल? शक्य नाही. म्हणजे तो झोपलाच नव्हता. ठासता ठासता कळ आली असणार, हात चालेनासा झाला असणार. बंदूक कडेला ठेवून तो खाटेवर आडवा झाला, आणि मग... किती वेळ जागा होता? फोन तर खिशातच होता. हाक मारली का कुणाला? आता महिना होत आला, पण अजून डोळा लागला की मला तोच दिसतो, दोन्ही हातांनी गज रेटणारा. गज काही खाली जात नाही.

वहिनीला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, एवढं मी तिथेच ठरवलं. झोपेत गेले, या एका वाक्यावर ती बाई दोन घास खात होती. संदीपला म्हटलं, भरलेली आहे, खेळ करू नको. शिरपूरच्या बंदूक दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आत पाणी ओता, दारू चांगली भिजू द्या, मग घेऊन या, गोळी मी काढतो. पोरानं तसं केलं. दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल पुसत रस्त्यावर उभा होता, मी अंगणात बंदुकीपाशी बसले होते, तेवढ्यात वहिनी हात पुसत तिथे आली.

“वर राह्यनी ना गोळी?”

“कसली गोळी? तू आत जा बरं, ऊन लागेल.”

“माले पहिल्याच दिनले समजनं,” ती म्हणाली. “मी गज टाकीसन पाहेल शे. झोपमा गयात, आसं मीच सांगं समद्यासले. तू तिकडथून रडत येशी, पोरगा आधीच खचेल शे... तुमले काय सांगू?”

कालपासून मी तिच्यासमोर तोंड मिटून वावरत होते, आणि माझ्यासाठी ते वाक्य रचलं होतं तिनंच.

तिनं गज उचलून नळीत घातला. “धर.”

“अगं, दारू भिजलीये. आता काय उपयोग?”

“धर म्हनस ना!”

दोघींनी चार हातांनी जोर लावला. गज हलेना. वहिनीनं पदर खोचला, दात आवळले, पुन्हा रेटलं. आत काहीतरी कुरकुरलं, बोटभर सरकलं, अडलं. मी अंगाचा सगळा भार टाकला. हळूहळू खूण खाली आली आणि नळीच्या तोंडाशी येऊन थांबली.

“टेकनी,” वहिनी म्हणाली. भाऊ गेल्यापासून ती मोठ्यानं रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मग डोळे न पुसताच तिनं नळीवर हात ठेवला, आणि इतकी वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही त्याला सांगावं तसं हळूच म्हणाली, “झोपा आते.”