बुंध्याकडची बाजू

बाप्टिस्ट अंकल वसईचे. शारजाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं सुतार. मी अर्चना, तिथली मशीनवाली. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग टाकलं की माझं मशीन लाकूड कापतं, केसाचाही फरक नाही. तोरा तर असा, विचारू नका.

दुबई मरीनात जपानी चहाघराचं काम आलं. बारा खांब, एकही खिळा नाही. सांधे माझ्या मशीनवर, आतले कोपरे अंकलच्या पटाशीने. तपासायला जपानहून एक म्हातारे सुतार येणार होते. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहावा, बुंधा खाली, ही त्यांची अट. अंकल प्रत्येक खांब पाइपवर मधोमध तोलायचे. बुंध्याकडची बाजू जड असते, ती झुकली की तिथे खडूने क्रॉस.

मॅनेजर नीलेशने त्यांना बजावलं होतं की साठी झाली, या कामात एक चूक झाली तर व्हिसा रिन्यू होणार नाही. अंकलची धाकटी मरिसा दुबईत ऊद मेथाच्या शाळेत बारावीला. तिचं वर्ष बापाच्या व्हिसावर.

सातव्या खांबाचा क्रॉस धूळ उडवताना माझ्याच हातून पुसला. अंकल जेवायला गेले होते. थांबायला काय झालं होतं मला? अंदाजाने मीच नवा क्रॉस काढला आणि यल्ला, चला, म्हणून मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी अंकलनी तो खांब पाइपवर ठेवला आणि क्रॉसच्या उलटी बाजू झुकली; खालचा सांधा शेंड्याकडे कापला गेला होता. ते कितीतरी वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग सरळ नीलेशकडे जाऊन म्हणाले, “क्रॉस माझा चुकला.” मी तिथेच उभी होते. प्रमोशन तोंडावर आलेलं, जीभ उचलली नाही. लाज वाटते लिहितानासुद्धा.

नव्या खांबापुरतं लाकूड नव्हतं. तीन दिवस खपून अंकलनी खांबाची दोन्ही टोकं कापली, नवे तुकडे हाताने सांधले. जपानी म्हाताऱ्याने सांध्यावरून अंगठा फिरवला आणि अंकलपुढे कमरेत वाकला. तरीही नीलेशने व्हिसा रिन्यू केला नाही. मरिसाचं वर्ष अर्धवट राहिलं.

शेवटच्या दिवशी अंकलनी तोलायचा पाइप माझ्या टेबलावर ठेवला.

“माझा हात गेला गं पोरी,” ते म्हणाले. “बरं झालं, तू आहेस. तुझं चुकत नाही.”

मी मान डोलावली.