पप्पा काही मागेनासे झाले

आमच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रत्येकानं उद्यासाठी एक गोष्ट मोठ्यानं मागायची, अशी पप्पांची शिस्त. इतर ख्रिस्ती घरांत लोक शांती, कृपा असलं भारदस्त काहीतरी मागतात. पप्पा पडले उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य काढलेले. डोळे मिटून ते खणखणीत आवाजात सांगायचे, "बापा, उद्या नळाला जरा जोरात पाणी सोड. गॅस संपत आलाय. आणि पंपाचा वायसर तेवढा मिळू दे, बाजारात कुठं गावंना झालाय." एका गोष्टीचा नियम त्यांना स्वतःला लागू नव्हता.

घरी पाहुणे असले की मला लाज वाटायची. देव काय किराणा दुकानदार आहे का, असं मी एकदा विचारलंही.

"ज्याच्या घरात जेवतोय, त्याला भूक लागली म्हणायला लाज कसली गं?" ते म्हणाले.

यंदा पाऊस सरता सरता एका संध्याकाळी त्यांची पाळी आली आणि ते म्हणाले, "मला काय नको." आम्हाला वाटलं, चेष्टा करताहेत. दुसऱ्या दिवशीही तेच. मग ताटातली भाकरी अर्ध्यावर आली, पुढं चतकोरावर. आईनं मटण आणून तांबडा रस्सा केला, तर त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत.

चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले आणि खूश होऊन गेले. "काय ही संतोषी वृत्ती! मागायला काही उरलंच नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, समाधानी माणूस निदान जेवतो तरी! उद्यासाठी काही मागणं म्हणजे उद्या मी इथं आहे, असं देवाला सांगणं. हे मला इतक्या वर्षांनी कळत होतं आणि कळून भीतीच वाटत होती. सकाळी उठले की मी आधी त्यांच्या छातीवरची चादर हलतेय का ते बघायची.

एका दुपारी त्यांनी आईला पाण्याच्या मोटरीपाशी बोलावलं. बटण कुठलं, हवा धरली तर काय करायचं, सगळं समजावून सांगू लागले. आईनं तिकडं बघितलंच नाही.

"मला कशाला? तुम्ही हायसा की," ती म्हणाली.

पप्पांनी पुन्हा एकदा बटणाकडं बोट दाखवलं.

त्याच संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. त्यांची पाळी आल्यावर नेहमीचं "काय नको" आलं नाही. कितीतरी दिवसांनी ते मागू लागले, म्हणून माझा जीव क्षणभर भांड्यात पडला.

"बापा," ते सावकाश म्हणाले, "हिला एकटीला जेवायची सवय लाव."

कुणीच आमेन म्हटलं नाही. बाहेर गल्लीत कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती. आईची पाळी नव्हती, आणि पाळी आली तरी, पप्पांची शिस्त असूनही, ती कधी मोठ्यानं मागायची नाही. नुसते ओठ हलवायची. पण ती बोलली, तेही भांडण काढावं तशी.

"देवा, ह्यांचं ऐकू नको. उद्याची भाकरी दे. दोघांची दे."

मी ओरडूनच आमेन म्हटलं. आईनंही म्हटलं. मग आम्ही दोघी डोळे उघडून पप्पांच्या ओठांकडे बघत बसलो.