गणुजींच्या वावरातला दगड

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की हवापाण्यावर बोलत सुटतो — आताही तेच करणार होतो — पण आज तुम्ही निवांत बसला आहात, तर बोलूनच टाकतो.

मी रिसोडचा. सत्तरच्या दशकात चुंबकीय मोजणीच्या नोकरीत होतो. काम कसलं? ठरलेल्या दगडावर तिपाई मांडायची, सुई शांत व्हायची वाट पाहायची, आकडा वहीत उतरवायचा. काही वर्षांनी पुन्हा त्याच दगडावर. पृथ्वीचं चुंबकत्व हळूहळू सरकत असतं, आपण जेवतो-झोपतो तेव्हाही.

इंझोरीजवळचा आमचा दगड गणुजींच्या वावरात होता. वखर फिरवताना ते त्याच्याभोवती हातभर जागा सोडायचे. दगड राखल्याबद्दलचं शिक्क्याचं पत्र त्यांनी काच लावून भिंतीवर टांगलं होतं.

ती सकाळ अजून डोळ्यांपुढे तरंगते. तूर फुललेली, ऊन कोवळं, सुई डुलत होती आणि तिच्याबरोबर मीही. तिपाईजवळ लोखंड चालत नाही, म्हणून विळे-कुऱ्हाडी लांब ठेवलेल्या. तेवढ्यात गणुजी आपणहून उठले. "बैलायच्या पायात नाल हायेत जी," म्हणाले, आणि जोडी पार शेताच्या धुऱ्यापलीकडच्या बाभळीला बांधून आले.

त्यांना बैलांचे नाल आठवले. मला माझा खिसा आठवला नाही.

सामान आवरल्यावर सुपारीसाठी खिशात हात घातला — अडकित्ता. पितळी तर आहे, असं मनाशी म्हणालो. पातं लोखंडी होतं, हे काय मला माहीत नव्हतं? पुन्हा मोजायला अर्धा दिवस गेला असता. जीप उभी होती. मी वही मिटली.

दशक सरता सरता पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारा एक उपग्रह वर गेला. पहाटे आणि सांजेला डोक्यावरून जायचा म्हणे. चहाचा कप हातात धरून मी उगाच आभाळाकडे बघत राहायचो. फार छान वाटायचं. मग त्याच्या मोजमापांवरून साऱ्या पृथ्वीचा नकाशा बसवला गेला, आणि आमचे जुने आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. इंझोरीचा आकडा भलताच फटकून निघाला. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हणालो — किती सहज म्हणालो — शेतकऱ्याने मोजणीआधीच दगड हलवला असेल. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाच पावलांवर आकडा बदलतो. साहेबांना पटलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला नवा दगड रोवला. तिथला आकडा नकाशाशी जुळला आणि गणुजी खोटे ठरले. जुन्या दगडावर एकदा तिपाई मांडू या, एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

"म्या दगड नाई हालवला जी," गणुजी साहेबांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमी होते ना तवा. सांगा ना सायबाले."

मला आता आठवत नाही, असं मी म्हणालो.

ते घरात गेले. काचेतलं पत्र काढून आणलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. चहा घेऊन जा म्हणाले. मी चहाही घेतला.

सरकारी दगड सरकवणारा, हे नाव गावात त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. अडकित्ता माझ्याकडे आहे, रोज वापरतो. दगड तसूभरही हलला नव्हता. आणि मला सगळं आठवत होतं — बैल कोणत्या बाभळीला बांधले होते, तेसुद्धा.