पिवळी टाकी आणि पाच वर्षांचा बाँड

घरात एखादा पायलट असला की किस्से साठतात. ते गोळा करावे लागत नाहीत, नातेवाईक घरपोच आणून देतात. आमच्या सायलीने तीन वर्षं विमान चालवून नोकरी सोडली तेव्हा तर ते इतके झाले, की लिहून काढल्याशिवाय डोक्यात जागा होईना.

सुरुवात एका मंगळवारी झाली. मी घेवडा निवडत होते, दारात गॅसवाला उभा होता आणि सायलीचा फोन आला.

"आई, मी राजीनामा दिला."

"थांब जरा, ओटीपी सांगायचाय," मी म्हणाले.

गॅसचा ओटीपी अजून यांच्या मोबाइलवर येतो. हे जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या ओटीपीसाठी मी तो मोबाइल रोज चार्ज करते, असं विचारणाऱ्यांना सांगते. सिलिंडर दोन महिन्यांतून एकदाच येतो, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

मी आकडे वाचले. गॅसवाला म्हणाला, "मॅडम, हा मागच्या सिलिंडरचा आहे." दुसऱ्यांदा बरोबर वाचले. सिलिंडर आत आला. मग फोन कानाला लावला.

"हं. कशाचा राजीनामा?"

"आई, मला किती नोकऱ्या आहेत?"

"आणि बाँड?"

"तो आहेच," ती म्हणाली.

०

बाँड म्हणजे असं. ज्या प्रकारचं विमान सायली चालवायची, त्याचं ट्रेनिंग कंपनीने स्वतःच्या खर्चाने दिलं होतं. बदल्यात पाच वर्षं नोकरी. आधी सोडली तर खर्च परत. आणि वर दोन जामीनदार. एक हे, पगारदार म्हणून. दुसरे परंदवडीचे आबा, म्हणजे यांचे चुलते, नावावर जमीन असलेले.

हे तळेगावच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. बाँडची अठरा पानं यांनी पेन्सिल घेऊन वाचली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करून मग सही केली. कंपनीतून फोन आला, "सर, या खुणा कसल्या आहेत?"

"तपासल्याच्या," हे म्हणाले. "खूण नसलेला माल आम्ही पुढे सोडत नाही."

आबांनी एक ओळही वाचली नाही. अठरावी सही झाल्यावर मात्र पेन खाली ठेवून म्हणाले, "हायवेला जमीन गेली तवा बी एवढ्या सह्या केल्या न्हवत्या. आन् हितं तर पोरगी नुसती कामाला लावायचीय."

०

वन्संचं, म्हणजे यांच्या बहिणीचं, कुसगावला छोटंसं होमस्टे आहे. तिथल्या काउंटरमागे देवाच्या फोटोशेजारी युनिफॉर्ममधल्या सायलीचा फोटो आहे. पाहुण्यांनी भाडं कमी करायचा विषय काढला, की वन्सं सहज म्हणतात, "ही आमची भाची. विमान चालवते." पुढे कोणी घासाघीस करत नाही. यामागचं कारण मला कळलेलं नाही, पण असं होतं खरं.

मी त्यांना बातमी सांगितली.

"लग्न ठरलं का?"

"नाही."

"मग वरच्यांची काही बोलणी बसली का तिला?"

"नाही हो. तिला सोडायचीय, एवढंच."

वन्संनी बुकिंगची वही चाळली. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, या शनिवार-रविवारी माझ्या सगळ्या खोल्या भरल्यात. सोमवारपासून राजीनामा दे म्हणावं."

०

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पोस्टमन नवीन होता.

"साहेबांच्या नावाचं आहे, मावशी. त्यांचीच सही लागेल."

"ते इथे राहत नाहीत आता."

"मग नवीन पत्ता द्या. तिकडे पाठवतो."

"पाठवा. पण पोच मिळायला वेळ लागेल."

तो पत्ता लिहून घ्यायला पेन काढत होता, तेवढ्यात त्याला आतल्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसला. बिचारा दोन पायऱ्या मागे उतरला. "सॉरी, मावशी. तुम्हीच करा सही."

मी केली. आत तीन पानं होती. दोन वर्षं आधी सोडल्याबद्दल काय काय परत द्यावं लागेल, ते सगळं होतं. मी दोनदा वाचलं आणि यांची पेन्सिल शोधून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात खूण केली.

तसंच पत्र परंदवडीला गेलं होतं. तासाभरात आबांचा फोन.

"सूनबाई, कागद आलाय. आता काय करत्यात हे लोक?"

"काही नाही, आबा. सायली बघेल. तुम्ही काळजी करू नका."

"काळजी कोन करतंय? ट्रॅक्टरचा हप्ता थकला तर ट्रॅक्टर वढून नेत्यात. तसं हितं इमान नेतील. नेऊ द्या. ठेवायला जागा कुटं हाय आपल्याकडं?"

०

सायली सुट्टीवर आली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये ती शिकवणार होती. पगार कमी, पण रविवारी घरी येता येणार होतं. मला काळजी बाँडची नव्हती. त्या रविवारची होती. कोणाच्याही आयुष्यातून कापून काढलेला रविवार मला नको होता.

"माझ्यासाठी सोडत असशील तर सोडू नकोस," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी कशाला सोडू? मला शिकवायचंय."

"मी सव्वीस वर्षं शिकवलं. काही नसतं त्यात."

"शाळेतून घरी येतानाचा तुझा चेहरा मी रोज बघितलाय, आई. मला थापा मारू नकोस."

"मग मला आधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली आणि फ्रिज उघडून आत डोकं घातलं. आमच्या घरात महत्त्वाची बोलणी फ्रिजपाशी संपतात.

०

रक्कम एकदम द्यायची की हप्त्यांनी, हे ठरवायला मुंबईच्या ऑफिसात जायचं होतं. आबा म्हणाले, "मी येनार. जामीनदार हाय मी." बरोबर दहा किलो इंद्रायणी तांदूळ. नको म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "रिकाम्या हातानं कुनाच्या दारात जायाचं न्हाई."

समोर एक तिशीची, नीटनेटकी बाई होती. बोलायला चांगली होती. तिने शांतपणे समजावलं, की कंपनी माणसावर विश्वास टाकते, शिकवते, वाढवते, आणि लोक असे मधेच सोडून जायला लागले तर कंपनीने कोणाच्या भरवशावर राहायचं?

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. "बरोबर हाय तुमचं. ताई, तुमी हितं किती वर्षं हाय?"

"मला आठ महिने झाले."

"आन् त्याच्या आदी?"

"दुसऱ्या कंपनीत होते. वर्षभर."

"बरं, बरं. आन् त्याच्या आदी?"

तिने फाइल मिटली. "आपण हप्त्यांचं बघू या, सर."

तांदूळ घेणं नियमात बसत नव्हतं. तो शेवटी गेटवरच्या वॉचमनने नेला. परत येताना सायली गाडीत हसून हसून रडायची बाकी होती. आबा मात्र रागावले. "दात काय काढतीस, सायले? बाईची जरा इचारपूस केली मी."

०

राहता राहिली टाकी.

हे गेले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. सायली बोलता बोलता म्हणाली होती, की हैदराबादहून मुंबईला उतरताना तिचं विमान कधी कधी तळेगाव-लोणावळ्यावरून जातं. हे लगेच म्हणाले, "मग आपलं घर दिसतं का?"

"कसं कळणार, बाबा? सगळ्यांच्या गच्चीवर काळ्या टाक्या."

झालं. दोन रविवार हे गच्चीवर. आधी टाकीला पॉलिशपेपर मारला, मग प्रायमर, मग पिवळाधमक ऑइलपेंट. चारी बाजूंनी गोल फिरून दोन हात. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. सायली आल्यावर तिला हाताला धरून वर नेलं. ती टाकीकडे बघत राहिली आणि मग हसत खालीच बसली.

"बाबा, मी वरून येते. मला बाजू दिसत नाहीत. मला झाकण दिसतं."

उभा जन्म क्वालिटीत काढलेला माणूस त्या काळ्या झाकणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "रंग आहे शिल्लक. येत्या रविवारी करून टाकतो."

त्या रविवारी आमच्याकडे वेगळ्याच कारणाने गर्दी होती.

राजीनाम्यानंतरचे नोटिशीचे सहा महिने संपले. सायलीचं शेवटचं विमान हैदराबादहून होतं, सकाळी अकराच्या सुमाराला वरून जाणारं. आबा परंदवडीहून धुतलेला टॉवेल घेऊन आले. वन्सं कुसगावहून आल्या. आम्ही तिघं गच्चीवर उभे.

एक विमान गेलं. आबांनी टॉवेल हलवला. पाच मिनिटांनी दुसरं गेलं. त्यालाही हलवला.

"आबा, दोन्ही तिची कशी असतील?" वन्सं म्हणाल्या.

"नसंल तर नसंल. त्ये बी कुनाचं तरी लेकरूच चालवत आसंल."

पाऊण तासाने सायलीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आबा फोनवर जवळजवळ ओणवे झाले.

"सायले, टाकी दिसली का गं?"

पलीकडे विमानतळावरची कसलीशी घोषणा चालू होती.

"दिसली, आबा. पिवळीधमक."

आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि आमच्या दोघींकडे असं पाहिलं, जसं काही टाकी त्यांनीच रंगवली होती. वन्सं डोळे पुसायला लागल्या. मी चहा टाकायला खाली आले.

रंगाचा डबा जिन्याखाली आहे. झाकण अजून रंगवायचं राहिलंय.