हात मागं, आधी वाच

विद्यार्थ्याच्या खुर्चीमागे मॅडम उभ्या राहायच्या त्या दोन्ही हात पाठीशी बांधून. कुणीतरी त्यांना ताकीद दिली असावी, कशालाही हात लावायचा नाही म्हणून, असंच बघणाऱ्याला वाटे. ताकीद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती. पोरगं घामाघूम होऊन म्हणायचं, "मॅडम, चालंना झालंय." मॅडम म्हणायच्या, "हात मागं. आधी वाच."

मग तेही आपले हात मागे घ्यायचं आणि पडद्यावर जे काही आलं असेल ते मोठ्यानं वाचू लागायचं. एखाद्या ओळीला अडखळून थांबलं की मागून आवाज, "मुंदे?" मुंदे म्हणजे कन्नडमधलं 'पुढं'. मॅडमचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कन्नड, वर्गात मराठी, आणि घाईत असल्या की दोन्हींची मिसळ.

हा आमचा कॉम्प्युटर क्लास सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडे, एका कापडदुकानाच्या माडीवर. मी मराठी टायपिंग शिकवतो. मॅडमची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे, तीही छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांची टकटक त्यांना ऐकू जायची आणि त्यांचं 'मुंदे' आम्हाला. कधीकधी माझी पोरं ओळ संपली की आपणहून 'मुंदे' म्हणायची आणि हसायची.

मॅडम शिकवायच्या ते टेबलावरच्या कॉम्प्युटरवर चालणारे प्रोग्राम लिहायला. एक खिडकी उघडते, तीत चौकटी आणि बटणं असतात, बटण दाबलं की काम होतं, एवढी साधी गोष्ट. पण नवशिक्याच्या हातून ती कधीच साधी होत नाही. "आता सगळं मोबाईलवर आलंय, हे जुनं कशाला शिकवता?" असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "चिंचोळीच्या एमआयडीसीत जाऊन बघा. हापिसात टेबलावर काय हाय? टॉवेल मोजायला मालक मोबाईल घिऊन बसतो व्हय?"

तुम्हीही हे पाहिलंच असेल. काम करता करता पडद्यावर मध्येच एक चौकट उगवते, तीत इंग्रजीत काहीबाही असतं, आणि आपण ती न वाचताच 'ओके' दाबतो. दारात आलेल्या वर्गणीवाल्याला 'नंतर या' म्हणावं, तसं. मी तर या कामात पटाईत. एकदा माझा प्रिंटर रुसला म्हणून मी पलीकडे गेलो.

"काय आलं होतं पडद्यावर?" मॅडमनी विचारलं.

"काहीतरी आलं होतं. मी घालवलं."

"वाचलं न्हाई?"

"इंग्रजीत होतं हो."

"म्हंजे पाहुणा इंग्रजी बोलतो म्हनून तोंड न बघता हाकलला व्हय? अहो सर, ते शिव्या देत नसतंय, पत्ता सांगत असतंय. कुठं दुखतंय त्याचा पत्ता."

कागद संपला होता, एवढंच निघालं. पुढे आठवडाभर त्या मला भिंतीपलीकडून विचारायच्या, "सर, कागद हाय का?"

मोहोळहून येणारा एक मुलगा होता. हुशार, पण उतावळा. त्याचा प्रोग्राम बटण दाबलं की कोसळायचा. त्यानं वाचून दाखवलं, ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट वगैरे.

"शेंगाचटनी आवडती का रे?"

"लई."

"फळीवर डबाच ठेवला न्हाई, अन तू चटनी काढायला हात घातला. हाताला काय लागंल?"

"काय न्हाई."

"तेच म्हनतंय ते. आधी डबा ठेव."

दुसऱ्या एकीचा प्रोग्राम मोठ्या कामाला बसला की गोठायचा. खिडकी पांढरीफटक, आणि ही बया रागारागानं बटण दाबतेय. मॅडमनी तिला हात मागे घ्यायला लावले. "चुलीपुढं तू एकटी. हात पिठात, भाकरी चाललीय. दारात पाहुणा आलाय, तो बेलवर बेल वाजवतोय. दार उघडंल का?"

"न्हाई."

"मग काय करशील?"

मुलगी विचार करून म्हणाली, "भाकरी दुसऱ्या कुनाला तरी थापायला सांगीन."

"अन तू?"

"दारात बसीन."

"बस मग. प्रोग्रामला बी तसंच बसव."

तोपर्यंत मॅडमचे डोळे बिघडायला लागले होते. साखरेचा जुना आजार. कडेचं दिसायचं, समोरचं मधोमध पुसलेलं. माणूस ओळखायचा तर त्या मान वाकडी करून बघायच्या. "कोंबडीवानी बघते न्हवं मी?" असं स्वतःच म्हणून हसायच्या. पडद्यावरची अक्षरं तर त्यांना अजिबात दिसेनाशी झाली. हे त्यांनी कुणापासून लपवलं नाही. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायच्या, "मला वाचता येत न्हाई, तुला येतंय. म्हनून तू वाच." त्या तरण्या होत्या, डोळे धडधाकट होते, तेव्हाही हेच करायच्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण लोकांना ते कसं पटावं? एका पालकानं तक्रार केलीच, बाईंना दिसत नाही, त्या शिकवणार काय.

आमच्या क्लासचे चालक तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. मॅडमना त्यांनी माझ्यादेखतच सांगितलं, "मॅडम, आता तुम्ही आराम करा."

"आराम करायला मला झालंय काय? डोळं गेल्यात, डोस्कं न्हाई."

"लोक विचारतात, मॅडम. मी काय सांगू?"

मॅडम म्हणाल्या, "ही बॅच संपू द्या. ह्या बॅचमधल्या एकानं तरी बाहेर, परक्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम आपल्या हातानं चालवून दाखवला तर पुढची बॅच मला द्या. न्हाई जमलं तर तुम्ही म्हनाल तसं." आणि खोलीतून निघताना मला म्हणाल्या, "सर, मी जाईन की एक दिवस. पन मी जाईन. मला कुनी घालवायचं न्हाई."

मला फार वाईट वाटलं आणि तितकाच अभिमानही वाटला. त्या दिवशी मी टायपिंगच्या पोरांवर उगीचच खेकसलो.

त्या बॅचमध्ये श्रीलता होती. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातली, घरची भाषा तेलुगू, चिंचोळीच्या एका टॉवेल कारखान्यात ऑफिसात कामाला. कारखान्यात कोणत्या रंगाचे किती टॉवेल तयार आहेत हे तिला दर वेळी गोदामात जाऊन विचारावं लागे, आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळे. म्हणून ती त्याचाच प्रोग्राम लिहीत होती. क्लासात तो छान चालायचा. कारखान्यात बसवायचा दिवस ठरला तेव्हा मॅडम तिला एवढंच म्हणाल्या, "माहेरी सगळ्याच पोरी शहाण्या असत्यात. सासरी काय होतंय ते बघू."

त्या दिवशी मी टायपिंगची तुकडी लवकर सोडली आणि पलीकडे जाऊन बसलो. चालकही आले. मॅडमच्या टेबलावर फोन होता, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला. तो वाजला.

"मॅडम, उघडंनाच झालंय!" श्रीलताचा आवाज रडवेला होता. मागे माग चालल्याचा खडखडाट. "क्लासात चालत हुतं की हो!"

"हात मागं. वाच."

ती वाचू लागली. "कुड नॉट फाइंड... अ पार्ट ऑफ द पाथ... डी, सोलापूर बॅच..."

चालकांच्या लगेच लक्षात आलं. ते फोनकडे वाकले, "अगं, तो पत्ता..." मॅडमनी मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं. "सर, हात मागं." आणि आमचे चालक, ज्यांच्या सहीनं आमचा पगार निघतो, ते खरोखरच हात मागे घेऊन उभे राहिले. मी हसू दाबलं.

"मुंदे?" मॅडम फोनला म्हणाल्या.

पलीकडे मागांच्या आवाजात कळांची टकटक. मग, "मॅडम, हितं डी ड्राइव्ह न्हाईच. नुसता सी हाय."

"बरं. मग?"

"फाइल हुडकायला मी आपल्या क्लासच्या कॉम्प्युटरचाच पत्ता लिवून ठेवलाय की. त्यो हितं कसा घावंल?"

"मग कुठला पत्ता पायजे?"

"प्रोग्राम जिथं ठेवलाय तिथलाच. कुठंबी ठेवला तरी."

"मुंदे?"

"करते, मॅडम." क्लासचा लॅपटॉप तिनं सोबत नेला होता, त्यावर ती दुरुस्ती करू लागली.

आम्ही चहा मागवला. मॅडम बिनसाखरेचा चहा हातात धरून बसल्या होत्या, पीत नव्हत्या.

फोन पुन्हा वाजला. "मॅडम, आता उघडतंय. पन तारीख टाकून बटन दाबलं की दुसरंच आलंय."

"वाच."

"स्ट्रिंग वॉज नॉट... रेकग्नाइज्ड... ॲज अ व्हॅलिड..."

"मुंदे?"

"व्हॅलिड डेट... अय्यो! हितं महिना आधी लावलाय न्हवं! मी पंचवीस तारीख टाकली, ते पंचविसावा महिना हुडकत बसलंय..."

आणि फोन बंद.

"हॅलो? हॅलो?" मॅडम म्हणाल्या. मी फोनकडे हात नेला. "लाइन गेली वाटतं, मी लावतो परत."

"राहू द्या, सर." त्यांनी माझा हात अडवला. "लाइन गेली न्हाई. तिनं ठेवला." आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला कुठं बघावं कळेना. "बघा की. माझ्यावर फोन ठेवला!"

त्यानंतर फोन आलाच नाही. चालकांनी दोनदा म्हटलं, विचारू या का? मॅडम म्हणाल्या, नको. संध्याकाळी श्रीलता स्वतःच जिना चढून आली, केसांत कापसाचे तंतू, हातात मालकानं दिलेला पांढरा टॉवेल.

"चाललं, मॅडम. मालक सारखा बटन दाबून बघतोय. तुमाला फोन करायचा राहूनच गेला."

"राहिला ते लई बरं झालं," मॅडम म्हणाल्या. टॉवेल त्यांनी डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढची बॅच अर्थातच मॅडमची झाली. ती त्यांनी पुरी केली, तेवढ्याच कडकपणे. शेवटच्या दिवशी खोलीला कुलूप लावून किल्ली चालकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आता मी निघते. अक्कलकोटला भनीकडं राहीन." चालकांनी आग्रह केला, खरोखर मनापासून केला. जिन्यापर्यंत मी सोबत गेलो. कठड्याला धरून एकेक पायरी उतरताना त्या म्हणाल्या, "कुनी घालवलं न्हाई, सर. मी निघाले. फरक हाय की."

पलीकडे आता नवे सर आहेत. पोराची अडचण दिसली की झटक्यात कीबोर्ड आपल्याकडे ओढतात, दोन कळा दाबतात, काम होतं. पोरं खूश असतात. काय झालं होतं ते पोरांनाही कळत नाही आणि भिंतीअलीकडून मलाही.

परवा माझ्या कॉम्प्युटरवर एक चौकट आली. सवयीनं बोट 'ओके'कडे गेलं होतं. मग मी हात मागे घेतले आणि मोठ्यानं वाचू लागलो. समोरची पोरं बघत राहिली. एक ओळ वाचून मी थांबलो. भिंतीपलीकडून काही आलं नाही.

मग मी पुढची ओळ वाचली.